महिन्यावारी गाडीने आंबिवलीला

लोक सुट्टीत लडाखला जातात, स्पितीला जातात आणि परत आल्यावर सोसायटीच्या बागेत बसून बाकीच्यांना कमीपणा आणतात. आम्ही बाळकुमहून आंबिवलीला गेलो. राज्याच्या नकाशावर बोट ठेवलं तर ही दोन्ही ठिकाणं एकाच बोटाखाली झाकली जातात. मी शाळेत भूगोल शिकवतो, त्यामुळे हे मी अधिकारानं सांगू शकतो. तरीही या प्रवासाला निघायला आम्हाला एकोणीस वर्षं लागली.

आंबिवलीला माझी मावशी राहते. आईची थोरली बहीण. आई तिला माई म्हणते. एकोणीस वर्षांपूर्वी मावशीच्या मुलीचं लग्न झालं आणि दुसऱ्या दिवशी घरी सत्यनारायण होता. जेवणं आटोपली. मावशीच्या दिरांची गाडी व्याह्यांना कल्याण स्टेशनवर सोडायला निघाली. तिच्यात एक जागा रिकामी होती, म्हणून आई पर्स घेऊन पुढे झाली. तेव्हा मावशी म्हणाली, "अगं, तू काय घरचीच. तू जा रिक्षाने." यात बाकी कुणाला काही वावगं वाटलं नाही. आईनं मात्र तिथल्या तिथे, अंगणात, चार माणसांसमोर सांगून टाकलं, "माई, आता तुझ्या दारात पाऊल टाकीन ते माझ्या लेकाच्या गाडीतून उतरूनच." लेक, म्हणजे मी, तेव्हा सत्तावीस वर्षांचा होतो आणि माझ्याकडे सायकलसुद्धा नव्हती.

भांडण झालं असं म्हणता यायचं नाही. दर गुरुवारी दोघींचा फोन चाले. मावशी बाळकुमला येऊन चार-चार दिवस राहून जाई, जाताना लोणच्याची बरणी ठेवून जाई. फक्त आई कधी आंबिवलीला गेली नाही. मला गाडीची गरज कधी भासली नाही, कारण शाळा चालत सात मिनिटांवर आहे. आणि आईनंही "गाडी घे" असं एकदाही म्हटलं नाही. तिला मागायचं नव्हतं, तिला वाट बघायची होती. माझ्यासारख्या आळशी मुलाला अशी आई फार सोयीची पडते.

गेल्या महिन्यात एका गुरुवारी फोन ठेवल्यावर आई बराच वेळ खुर्चीत तशीच बसून राहिली. मावशी घर विकून मुलीकडे हैदराबादला चालली होती, कायमची. येणारा सोमवार सोडून त्याच्या पुढच्या सोमवारी सामान हलणार होतं.

"स्टेशनवर भेटेन तिला," आई म्हणाली आणि भाजी निवडायला घेतली. निवडलेली मेथी ती कचऱ्याच्या डब्यात टाकत होती आणि काड्या पातेल्यात. म्हटलं, आता काहीतरी करायलाच हवं. त्या सोमवारनंतर मावशीचं दार मावशीचं राहणार नव्हतं.

हातात दहा दिवस होते. एवढ्यात गाडी विकत घेणं मला झेपलं नसतं. एका दिवसापुरती भाड्यानं आणली असती, तर दुसऱ्या दिवशी सकाळी आईनं खिडकीतून बघून विचारलं असतं, "गाडी कुठे गेली?" लीजची चौकशी केली, तर तिथले गृहस्थ दोन-तीन वर्षांच्या कराराच्या गोष्टी करू लागले. शेवटी शाळेतल्या एका तरुण सरांनी सबस्क्रिप्शनचं सांगितलं. गाडी कंपनीची, विमा कंपनीचा, सर्व्हिसिंगही त्यांचंच. आपण महिन्याचे पैसे भरायचे आणि फिरायचं. महिना संपत आला की तेच विचारतात, ठेवता की परत करता? थोडक्यात, मेसचा डबा लावावा तशी गाडी लावायची. मला हे भलतंच आवडलं. गाडी कुठे गेली याचं एखादं बरंसं कारण महिनाभरात सुचलंच असतं.

"आईंना खरं सांगून टाका," माझी बायको माधवी म्हणाली. माधवीचे सल्ले बहुधा बरोबर असतात, म्हणून मी ते पुढे ढकलत असतो.

गाडी आली. पांढरीशुभ्र, नवीकोरी दिसणारी. ती घेऊन आलेल्या माणसानं चारी बाजूंनी फोटो काढले आणि गाडीवर काही चिकटवायचं नाही, रंगवायचं नाही, आत वास येईल असं काही न्यायचं नाही, असं बजावून तो गेला. तो गेटबाहेर पडतो न पडतो तोच आई हळदकुंकू, नारळ आणि चार लिंबं घेऊन खाली उतरली. बॉनेटवर ओल्या कुंकवाचं हे एवढं स्वस्तिक निघालं. लिंबं चाकांखाली गेली. नारळ फुटला तो नेमका बंपरच्या कडेवर, आणि तिथे बारीकसा ओरखडा उमटला. "शुभ असतं," आई म्हणाली.

मग तिचं लक्ष नंबराच्या पाटीकडे गेलं. काळी पाटी, पिवळी अक्षरं.

"ही अशी काय रे?"

"बॅटरीवाल्या गाड्यांना हिरवी असते ना, तसा हा एक नवीन प्रकार निघालाय," मी म्हणालो. वीस वर्षं मुलांना शिकवल्यावर आत्मविश्वासानं चुकीची माहिती देणं जमायला लागतं.

रविवारी सकाळी आम्ही दोघं निघालो. आई पुढच्या सीटवर, ठेवणीतलं नऊवार नेसून, मांडीवर पिशवी घट्ट धरून. साकेतपाशी एक ट्रॅफिक हवालदार दिसला आणि मी उगाचच गाडी हळू केली. चोराच्या मनात चांदणं. त्यानं आमच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. माणकोलीहून डोंबिवलीकडे वळणाऱ्या खाडीवरच्या नव्या पुलावर आलो तेव्हा आईनं काच खाली केली. भरतीचं पाणी चढलेलं, दोन्हीकडे हिरवीगार तिवरं, लांबवर एक होडी. "किती जवळ आलं रे सगळं," ती म्हणाली. तिला असं खुशीत पाहून मलाही गाडी खरोखरच आपली वाटू लागली.

पूल उतरल्यावर मोठागावच्या रस्त्यालगत एक कोळीण टोपली घेऊन बसली होती. टोपलीत निवट्या होत्या (खाडीच्या चिखलात उड्या मारणारे बोटभर मासे).

"थांबव. माईला फार आवडतात," आई म्हणाली.

"आई, गाडीत नको. वास राहतो."

"राहू दे की. आपल्या गाडीत कुणाची चोरी आहे?"

मी गाडी कडेला घेतली. कोळणीनं पिशवी भरताना माझं तोंड पाहिलं. "घे गं आये, जित्या हायेत," ती आईला म्हणाली, "पोराचं काय आयकतंस!" निवट्या पायांशी वळवळत ठेवून आम्ही डोंबिवलीत शिरलो.

डोंबिवली पश्चिमेला मिठाईच्या दुकानासमोर गाडी लावायला मला चार खेपा लागल्या. दर खेपेला गाडी टीं-टीं करून ओरडे आणि आई तिला दटावे, "गप गं बाई, दिसतंय त्याला." पेढे घेऊन मी परत आलो, तर आईच्या उघड्या खिडकीपाशी साधारण माझ्याच वयाचे एक गृहस्थ दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या घेऊन उभे होते. चेहऱ्यावर निर्मळ आनंद.

"काका, ही महिन्यावारीवाली ना?" त्यांनी मला विचारलं. मला काका म्हणण्याचा त्यांना काही अधिकार नव्हता. "काळी पाटी बघितली तेव्हाच समजलो. माझ्या साडूने पण घेतलेली. एकदम बेस्ट! महिना झाला की देऊन टाकायची, काय टेन्शनच नाय. मी तेच सांगत होतो तुमच्या आईंना."

आई समोरच्या काचेतून सरळ बघत होती. मी पेढ्यांचा पुडा तिच्याकडे दिला. तिनं तो पिशवीत ठेवला आणि काच वर केली.

ठाकुर्ली गेली, पत्रीपूल आला. पुलावर वाहनं मुंगीच्या पावलांनी सरकत होती, त्यामुळे पळून जायलाही वाव नव्हता.

"तुझी नाहीये," आई म्हणाली.

"महिनाभर माझीच आहे."

"आणि मग?"

"मग परत. नाहीतर आणखी एक महिना."

"आणि ती पाटी?"

"भाड्याच्या गाड्यांना असते."

तिनं मांडीवरच्या पिशवीचे बंद सारखे केले. ओरडली असती तर बरं वाटलं असतं. "माईला मी लोणच्यात मीठ कमी आहे हेसुद्धा तोंडावर सांगते," ती शेवटी म्हणाली. "तिच्याशी मी आयुष्यात खोटं बोलले नाही. ती विचारेल, कधी घेतली गं? मी काय सांगू?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आईला सुख द्यायचं होतं हे खरं, पण त्यापेक्षा मला एकोणीस वर्षांच्या आळसातून स्वस्तात सुटायचं होतं, हेही तितकंच खरं होतं. "परत फिरायचं का?" मी विचारलं. तिनं पुढे सरकलेल्या गाडीकडे बोट दाखवलं.

शहाडला पुलाखाली शेअर रिक्षांचा थांबा आहे. "मोहने, आंबिवली! एक सीट, एक सीट!" असा पुकारा चालला होता. आईनं माझ्या मनगटावर हात ठेवला. "थांबव."

ती उतरली. एका हातात कपड्यांची पिशवी, दुसऱ्यात निवट्यांची.

"मी रिक्षाने जाते. तू ये मागनं."

"अगं आई, आणि तुझी शपथ?"

"शपथ माझी आहे. मोडायची तर मी मोडीन. पण लबाडीने पाळायची नाही."

सत्तर पार केलेली माझी आई ठेवणीतलं नऊवार सावरत शेअर रिक्षात दोन कॉलेजातल्या मुलींशेजारी जाऊन बसली. रिक्षा निघाली. मागून मी, महिन्याचं भाडं भरलेल्या थंडगार गाडीत एकटाच. वळणं आली, खड्डे आले, मधूनच उल्हास नदीचं पाणी चमकलं, पण माझी नजर रिक्षाबाहेर लोंबणाऱ्या पदरावरून हलेना. रिक्षावाला आईला म्हणाला होता, "मावशी, ती काळ्या पाटीची गाडी शहाडपासून आपल्या मागं लागलीय." आई म्हणाली, "लागू दे. मुलगा आहे माझा." हे तिनंच मला नंतर सांगितलं.

मावशीच्या घरासमोर दोन प्लास्टिकच्या खुर्च्या आणि एक बादली ठेवून जागा अडवलेली होती. आईकडून फोनवर कळल्यापासून बहिणीची गाडी येणार म्हणून तिनं आळीभर सांगून ठेवलं होतं. ती दारात उभी होती. हातात भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या, कोपरावर झेंडूचा हार. तो गाडीसाठी. तिच्यासमोर रिक्षा थांबली आणि आई उतरली.

"माई, गाडी आहे मागे, पण ती आपली नाही," आई एका दमात म्हणाली. "महिन्याच्या बोलीनं आणलेली आहे. म्हणून मी रिक्षाने आले."

मावशीनं आधी माझ्या गाडीकडे पाहिलं, मग रिक्षाकडे, मग आईकडे.

"एकोणीस वर्षं रिक्षा मिळत नव्हती होय गं?" ती म्हणाली.

आईचा चेहरा लहान मुलीसारखा झाला. मावशीनं भाकरतुकडा ओवाळून टाकला, पण पाणी घालताना तिचं सगळं लक्ष आईच्या चेहऱ्याकडे होतं, त्यामुळे पायांऐवजी निवट्यांची पिशवीच भिजली. मग दोघी दारातच एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या. रिक्षातल्या मुली खाली वाकून बघत होत्या. रिक्षावाला म्हणाला, "मावशी, पॅसेंजर खोळंबलेत." तेव्हा मावशीनं डोळे पुसले, हार आता वाया कशाला घालवायचा म्हणून तो त्याच्या रिक्षालाच घातला आणि त्याच्या हातावर पेढाही ठेवला. मी खुर्च्या आणि बादली उचलून बाजूला केली आणि गाडी लावली. माझ्याकडे कुणी पाहत नव्हतं, ते बरंच झालं.

घरात निम्मं सामान खोक्यांत गेलं होतं. ताटं सापडेनात, म्हणून निवट्यांचं कालवण आणि तांदळाची भाकरी आम्ही खोक्यांवर वर्तमानपत्र पसरून, वाट्यांतून खाल्ली. आई खोल्या-खोल्यांतून हिंडत होती. इथे काय होतं, हे कधी केलंस, ही खिडकी नवीन का, असं एकेक विचारत होती. मावशी सगळं पुन्हा दाखवत होती. कालवणात मीठ कमी होतं, तेही आईनं सांगितलं.

"तेव्हा मी तुला रिक्षाने जा म्हटलं," मावशी हात धुताना म्हणाली, "कारण परक्यांची सरबराई करावी लागते. तुझी काय करायची?"

"हे तेव्हाच सांगायचंस."

"सांगायला तू थांबलीस कुठे? तू रिक्षाने गेलीस."

उन्हं कलल्यावर आम्ही निघालो. येताना आई निमूटपणे पुढच्या सीटवर बसली. गाडीला खाडीच्या चिखलाचा वास येत होता. कंपनी आता काय म्हणेल, याची मला फारशी फिकीर वाटली नाही. या लोकांची एक गोष्ट मला पटली आहे: दर महिन्याला ते न चुकता विचारतात, ठेवता की परत करता? आईच्या रागाला असं कुणी विचारलंच नाही. तो आपला दर महिन्याला आपोआप पुढे चालू राहिला, आणि त्याचं भाडं दोघी बहिणी भरत राहिल्या. विचारायचं काम माझं होतं. शहाडपासून मावशीच्या दारापर्यंत रिक्षाला पाव तासही लागला नव्हता.

खाडीवरच्या पुलावर आलो तेव्हा पाणी ओसरून चिखल उघडा पडला होता. आई बराच वेळ तिकडे बघत होती.

"हैदराबादला कसं जातात रे?" तिनं विचारलं.

"रेल्वे आहे, बस आहे, विमानही जातं. गाडीनंच जायचं असेल, तर ही आणखी एखादा महिना—"

"कशानेही जाऊ," आई म्हणाली. "पण लवकर जाऊ."