प्राइड स्पेशल, लहुराबीर ते मैदागिन

बनारसमध्ये ट्रॅफिक आणि किस्से एकाच पद्धतीने तुंबतात. एक येऊन आडवा उभा राहतो, त्याच्यामागे दहा येतात, आणि मागे घ्यायला कोणीच तयार नसतं. आमच्या प्राइड परेडच्या रस्ता-टीमचं तसंच झालंय. चहाला बसलो की कोणीतरी म्हणतं, "तो हत्तीवाला सांग ना," आणि पुढचे दोन तास कोणी उठत नाही. म्हणून एकदाच लिहून रस्ता मोकळा करतेय.

आधी एक गोष्ट सांगायलाच हवी. परेडमध्ये माझा दादा चालणार होता, त्याच्या प्रणवबरोबर. पाच वर्षांपूर्वी दादाने बाबांना प्रणवबद्दल सांगितलं, तेव्हा बाबा ओरडले नाहीत की रडले नाहीत. "बरं," म्हणाले आणि पेपरचं पान उलटलं. बाबा रेल्वेच्या कंट्रोल ऑफिसमधून रिटायर झालेत. अडचणीची गाडी आली की बाजूच्या लूप लाइनवर उभी करायची आणि बाकीच्या पुढे काढायच्या, हे त्यांनी तीस वर्षं केलं. मुलालाही तसंच उभं करून ठेवलं! दादा लखनऊला निघून गेला. "बाबा स्वतः ये म्हणाले तर येईन," एवढंच त्याचं म्हणणं. आणि बाबा कोणालाच ये म्हणत नाहीत.

या वेळीही त्याने फोनवर सांगून टाकलं, "परेडला येतो, संध्याकाळी सहाच्या गाडीने परत. घरी नाही."

परेडच्या सकाळी आईने मला विचारलं, "केतकी, भात किती जणांचा टाकू?"

"तिघांचा."

"बरं," म्हणाली, आणि पाच जणांचा टाकला.

*

आता हत्तीवाला.

परवानगी काढायला मी आणि रोशनी पोलीस ठाण्यात गेलो होतो. रोशनीचं कबीरचौऱ्यात ब्लाउज शिवायचं दुकान आहे, आणि ती ज्याला ओळखत नाही असा ई-रिक्शावाला त्या भागात अजून जन्मलेला नाही. मी कोर्टाचा निकाल पाठ करून गेले होते. समानता, सन्मान, संविधान, सगळं! दरोगाजींनी वीस मिनिटं शांतपणे ऐकून घेतलं. मग पेन उघडलं.

"बिटिया, ये सब तो ठीक है। हाथी है?"

"जी?"

"हाथी, ऊँट, घोड़ा। कुछ है?"

"नहीं सर, सिर्फ़ लोग हैं।"

दरोगाजींनी पेन बंद केलं. "तो फिर दिक़्क़त क्या है? इतनी देर से डरा क्यों रही हो?"

संविधानाची तयारी करून गेलेल्या मुलीला हत्तीचा पेपर आला! परवानगी मात्र मिळाली. लहुराबीरहून निघायचं, कबीरचौऱ्यावरून मैदागिन, तिथून टाउन हॉलच्या मैदानात. दोन ते चार एका बाजूचा रस्ता बंद. चारच्या आत शेवटचा माणूस मैदानात नसेल तर पुढच्या वर्षी अर्जच आणू नका.

*

मी जेवणाच्या टेबलावर रंगीत स्केचपेनांनी नकाशा काढत बसले होते. बाबा मागे येऊन उभे राहिले. मला वाटलं, आता सुरू होणार. लोक काय म्हणतील, शेजारचे गुरुजी काय म्हणतील, ब्रह्मा घाटावर आपलं घर, तिथे तोंड कसं दाखवायचं. माझी उत्तरं तयार होती.

बाबा म्हणाले, "सिंगल लाइन की डबल?"

"बाबा, ही प्राइड परेड आहे."

"असेल. समोरून येणाऱ्यांशी क्रॉसिंग कुठे देणार?"

मी रागाने झोपायला गेले. सकाळी पाहते तर माझा नकाशा गायब आणि त्या जागी ग्राफपेपर! आडवी वेळ, उभी ठिकाणं, आणि लहुराबीरपासून मैदागिनपर्यंत पेन्सिलीने ओढलेली एक तिरकी रेघ. कंट्रोलमध्ये बसून बाबा असेच गाड्यांच्या रेघा ओढायचे. रेघेवर नाव लिहिलं होतं, "स्पेशल."

"तुम्हाला पोटच्या पोराबद्दल पाच वर्षांत मत देता आलं नाही, आणि आमच्या मिरवणुकीबद्दल एका रात्रीत आलं?" मी ओरडलेच.

"मत नाही," बाबा खोडरबर शोधत म्हणाले. "टायमिंग आहे."

*

बाबांच्या मागोमाग जोशीकाका रस्ता-टीममध्ये आले. म्हणजे बाबांचे मित्र, युनिव्हर्सिटीत राज्यशास्त्र शिकवून रिटायर झालेले. आदल्याच आठवड्यात आमच्या घरी चहा पिताना ते प्राइडला "पाश्चात्त्यांचं खूळ" म्हणाले होते आणि मी त्यांची बिस्किटं उचलून आत नेली होती. तरी आले, कारण बाबांनी "एक गल्ली उघडी पडतेय, माणूस कमी आहे" एवढंच सांगितलं होतं.

त्यांना कबीरचौऱ्याच्या एका गल्लीच्या तोंडाशी उभं केलं. गल्ल्या अडवायचा दोर संपला होता.

पहिला मोटरसायकलवाला आला. "चचा, काहे बंद है?"

काकांनी चष्मा पुसला आणि इंग्रजांनी समलिंगी संबंधांविरुद्ध कायदा का केला, तिथपासून सुरुवात केली. दुसऱ्या मिनिटाला मोटरसायकलवाल्याने गाडी वळवली. दुसरा आला, त्याने उलटून वाद घातला. "ई सब हमारे संस्कृति में नहीं है।" आणि काकांचं आयुष्यभराचं दुखणं असं, की त्यांना वादात हरता येत नाही! त्यांनी त्याला मंदिरांची शिल्पं, पुराणं, सगळं सुनावलं. चौथ्या माणसापर्यंत काका आमच्या सगळ्यांपेक्षा कट्टर झाले होते. मी पाणी द्यायला गेले तर मलाच म्हणतात, "तुमच्या घोषणा फार गुळमुळीत आहेत."

चार वाजेपर्यंत त्या गल्लीतून एक सायकलसुद्धा आत आली नाही. बाकी ठिकाणी दोर तुटले. काकांचं स्पष्टीकरण तुटलं नाही.

*

परेड निघाली, ढोल सुरू झाले, आणि समोरून वरात! भर दुपारी, बँडसकट, घोड्यावर नवरदेव. दरोगाजींनी बहुतेक त्यांनाही घोडा एकच आहे म्हणून सोडलं असावं.

मी बाबांना फोन केला. ते मैदागिनच्या चौकात फोन कानाला लावून उभे होते, जणू सगळं शहर त्यांच्या सेक्शनमध्ये आलं होतं.

"वरात किती लांब?"

"असेल शंभर माणसं. बाबा, आपण थांबू का?"

"स्पेशल थांबत नाही. डाव्या हाताला पेट्रोल पंप आहे. वरात आत घे, तुम्ही पुढे निघा."

रोशनीने नवरदेवाचा घोडा स्वतः लगाम धरून पंपात नेला. घोडा शहाणा निघाला. वऱ्हाडी नाही. त्यांचा बँड आणि आमचे ढोल एकाच तालावर आले, आणि निम्मं वऱ्हाड पंपातून बाहेर पडून आमच्यात नाचायला लागलं! आम्ही निघालो तेव्हा मोजले, आमचे चार कमी होते आणि त्यांचे अकरा जास्त.

नवरदेवाचे मामा थेट टाउन हॉलपर्यंत आले. फेटा घामाने भिजलेला, गालावर इंद्रधनुष्य. इकडेतिकडे बघत रोशनीला विचारतात, "बहनजी, लड़की वाले नहीं दिख रहे?"

रोशनी म्हणाली, "दोनों तरफ़ के यहीं हैं, मामाजी। आप शरबत लीजिए।"

मामांनी शरबत घेतलं. दोन ग्लास.

*

शेजारच्या गोखलेगुरुजींचं नाव घेतल्याशिवाय ही यादी पुरी होत नाही. पुण्याहून आलेले सहा यजमान घेऊन ते लहुराबीरला अडकले. घाटावर श्राद्धाची वेळ टळत होती आणि पुढे जाणारी एकच गोष्ट होती, आमची परेड. गुरुजी दोन क्षण उभे राहिले. मग धोतराचा सोगा वर घेतला आणि यजमानांना म्हणाले, "चला."

यजमानांतल्या एक काकू झेंडा बघून हात जोडून विचारत होत्या, "गुरुजी, हा कुठल्या देवाचा उत्सव हो?"

गुरुजींना बनारसमधली एखादी गोष्ट माहीत नाही हे कबूल करणं जमत नाही. "काशीत चालताना असं विचारायचं नसतं. पुण्य अर्धं होतं."

काकूंनी चपला काढून पिशवीत टाकल्या. दीड किलोमीटर अनवाणी चालल्या! मैदागिनला गुरुजी गल्लीत वळले तेव्हा मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "व्यवस्था छान आहे हो तुमची. फक्त रस्त्यात कुठे पाट्या नाहीत."

परेडभर शिव्या देणारे बरेच भेटले. सूचना देणाऱ्या या एकट्याच. पुण्याच्या म्हणून ओळखलं असतंच.

*

यानंतर जे झालं त्याला मी अजून हसू शकत नाही. बाकीचे हसतात.

मोठा बॅनर एका बाजूने दादाच्या हातात होता, दुसऱ्या बाजूने प्रणवच्या. मैदागिनचा चौक आला. बाबा चौकाच्या मधोमध उभे. दादाने त्यांना लांबूनच पाहिलं. पाच वर्षांनी! त्याची चाल मंदावली, मागचे लोक त्याच्या पाठीवर आले. मी बाजूने धावत होते आणि मनात एकच, बाबा, काहीतरी बोला. हात करा. खोका तरी!

दादा अगदी समोर आला. बाबांनी मनगट वर केलं, घड्याळ पाहिलं आणि फोनमध्ये म्हणाले, "स्पेशल, मैदागिन, तीन बेचाळीस. पास."

दादाने ऐकलं. त्याने मान सरळ केली आणि पुढे गेला.

तीन चोपन्नला शेवटचा माणूस मैदानात होता. दरोगाजी खूश. जोशीकाका खूश. मी बाबांकडे गेले आणि चौकात, लोकांसमोर, म्हटलं, "बाबा, ती गाडी नव्हती!"

बाबांनी ग्राफपेपरची घडी घातली.

*

पावणेपाचला मैदानात फक्त खुर्च्या उचलणारे उरले होते. दोर निघाले, बॅरिकेड भिंतीला टेकले, आणि मैदागिनचा चौक पुन्हा नेहमीसारखा भोंगे वाजवायला लागला. दादा आणि प्रणव कँट स्टेशनला निघाले. मी सोडायला म्हणून त्याच ई-रिक्शात बसले. प्रणव उगाच बॅगेची चेन उघडबंद करत होता.

चौकात रिक्शा थांबली. बाबा समोर उभे. हात आडवा.

"रस्ता बंद आहे," बाबा म्हणाले.

त्यांच्या डावीकडून एक टेम्पो गेला. उजवीकडून दोन ऑटो, एक सायकलवर बांधलेलं कपाट आणि शाळेची अख्खी बस गेली.

ड्रायव्हर म्हणाला, "चचा, खुला तो है।"

"बंद है," बाबा त्याच्याकडे न बघता म्हणाले. मग मराठीत, दादाकडे बघून, "कँटकडे जाता येणार नाही."

दादाने त्या बसकडे पाहिलं. बाबांकडे पाहिलं.

"कधीपर्यंत बंद आहे?"

बाबांनी सवयीने मनगट वर केलं, पण घड्याळाकडे पाहिलंच नाही. ते प्रणवकडे बघत होते. "आज उघडेल असं वाटत नाही."

"मग कुठून जायचं?" दादाने विचारलं.

"ब्रह्मा घाटावरून."

ड्रायव्हरने हँडल सोडून दोन्ही हात कपाळाला लावले. "अरे चचा, उधर तो आगे गंगाजी हैं! स्टेशन का रास्ता कहाँ है?"

बाबा त्याच्या शेजारच्या अर्ध्या सीटवर कसेबसे चढून बसले आणि म्हणाले, "तुम मोड़ो।"