पंख्यांचा काउंटर आणि गेल्या वर्षीचा आकडा

मागच्या मंगळवारी आमच्या मुलुंडच्या दुकानात वार्षिक रिव्ह्यू होता. अंधेरीच्या हेड ऑफिसमधून एरिया मॅनेजर आले, लॅपटॉप उघडला आणि चहा यायच्या आधीच म्हणाले, "पंखे आणि लाइट्सची वाट लागलीय, मॅडम."

इलेक्ट्रिकच्या सामानाच्या या दुकानाची मी सहा वर्षं इन्चार्ज आहे. स्क्रीनवर या काउंटरच्या विक्रीचे दोन खांब होते... गेल्या वर्षीचा उंच, यंदाचा बुटका. खाली लाल अक्षरात उणे अठरा टक्के.

तो काउंटर सावंतकाका सांभाळतात. मूळचे कणकवलीकडचे, वय छप्पन्न, कॉन्ट्रॅक्टवर. त्यांचं कॉन्ट्रॅक्ट यापुढे वाढवायचं नाही, असं पत्र सर टाइप करूनच घेऊन आले होते. खाली फक्त माझी सही हवी होती.

पत्र वाचता वाचता मला गेल्या वर्षीचा मे महिना आठवला. आमच्या मागच्या गल्लीत रिडेव्हलपमेंटची एक इमारत तयार होत आली होती. काका रोज दुपारी डबा कसाबसा संपवून तिकडे जायचे... कधी बिल्डरच्या माणसाला भेटायला, कधी सोसायटीच्या सेक्रेटरीला.

महिनाभर चपला झिजवून त्यांनी दोन्ही विंगचे पंखे आणि दिवे आमच्याकडून घ्यायला लावले. त्या ऑर्डरची ट्रॉफी मिळाली तेव्हा स्टेजवर हेच सर गेले होते. काका त्या दिवशी काउंटरवरच होते.

मी म्हटलं, "सर, ती एक ऑर्डर बाजूला काढून बघू या ना."

"सिस्टीममध्ये तसं दिसत नाही, मॅडम."

मग मी माझ्या कॉम्प्युटरवर गेल्या वर्षीची बिलं उघडली, ते एक बिल वगळलं आणि त्यांच्यासमोरच बेरीज केली. काउंटर मागे नव्हताच... उलट थोडा पुढेच होता!

सरांनी बेरीज पुन्हा एकदा तपासली. मग म्हणाले, "ठीक आहे, पण यंदा तशी ऑर्डर का नाही आणली त्यांनी?"

"सर, इमारत काय दर वर्षी पाडून बांधतात?"

त्यांचा चेहरा उतरला. "बघा, बाकीच्या दुकानांनी त्यांच्याकडच्या अशा पत्रांवर सह्या दिल्यात. तुम्ही नाही दिलीत, तर तुमच्या रेटिंगवर येईल."

खोटं कशाला सांगू, घराचा हप्ता, लेकीची फी, सगळं एका सेकंदात डोळ्यांसमोरून गेलं. पण डोक्यातून एकच गोष्ट जाईना... काका गेल्या वर्षी स्वस्थ बसून राहिले असते, तर यंदा वाचले असते. माणसाने जीव तोडून काम करायचं आणि वर्षभराने त्याच कामाने त्याला घरी बसवायचं?

मी पत्र उलटं केलं. कोऱ्या बाजूवर तो बिल नंबर लिहिला, त्याच्याशिवायची दोन्ही वर्षांची बेरीज लिहिली आणि त्याच्याखाली सही केली. "माझी सही इथे आहे, सर. पुढच्या बाजूला नाही करणार. रेटिंग काय द्यायचं ते द्या."

शुक्रवारी मेल आला. काकांचं कॉन्ट्रॅक्ट एक वर्षाने वाढलं. त्याच मेलमध्ये खाली माझं रेटिंग एक पायरी उतरलेलं... आणि यंदाची पगारवाढ बंद.

काकांना कुणी सांगितलं कोण जाणे. दुकान बंद करताना ते माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. एरवी दुकानात शुद्ध बोलणारा माणूस, त्या दिवशी मालवणीवर आला. "मॅडम, माझ्यापायी तुमचा नुकसान कित्याक करून घेतलात?"

"काका, तुम्ही गेल्या वर्षी कमावलेलं होतं, तेवढंच मी यंदा वाचून दाखवलं," मी म्हटलं. ते शटर ओढायला गेले.

नवऱ्याने पगारवाढीचं ऐकलं आणि म्हणाला, "बरं केलंस." त्याचे खरंच आभार... घरी हे ऐकायला मिळालं नसतं, तर कदाचित माझा धीर सुटला असता.

पुढच्या वर्षी पुन्हा दोन खांब समोर येतील, एक उंच, एक बुटका. येऊ देत. कुठला खांब कुणाच्या घामाने उंच झाला होता, हे विचारायला मी इन्चार्जच्या खुर्चीत बसलेली असेन.