बघू नका, जेवा

रुग्णालयात तिला सगळे चमचाताई म्हणत. मोठ्या साहेबांची चमचेगिरी करायची म्हणून नव्हे; तसा टोमणा कोणी मारलाच, तर आधी तीच हसायची. न जेवणाऱ्या मुलांना जेवायला शिकवणं हे तिचं काम. पूर्वी ती टपाल कचेरीत कारकून होती. वडिलांना अर्धांगाचा झटका आला, गिळणं बंद झालं, आणि एका शांत बाईने त्यांना तीन महिन्यांत पुन्हा पाणी प्यायला शिकवलं. तो पहिला घोट घशाखाली उतरताना पाहिला आणि हिने पस्तिसाव्या वर्षी परत वह्या-पुस्तकं हातात घेतली.

तिची खोली तिसऱ्या मजल्यावर. बुटकं टेबल, छोट्या खुर्च्या, एक रुंद खिडकी. दुपारचं ऊन पडद्यातून असं झिरपायचं, की आत आलेलं माणूस पाण्याखाली बसल्यासारखं आपोआप हळू बोलू लागायचं.

तिथे ठमाबाई आली. वय वर्षं दोन. नाव बापानेच ठेवलेलं, हट्ट बघून. दिवस भरायच्या आत जन्मलेली. तेव्हापासून नाकातून पोटात गेलेल्या नळीतूनच दूध. घसा ठीक, पोट ठीक, सगळ्या तपासण्या झालेल्या. पण नळ्या, चिकटपट्ट्या, औषधं. तोंडाजवळ जे जे आलं ते दुखवूनच गेलं होतं. चमचा दिसला की ओठांना कुलूप.

"गाणी झाली, खेळणी झाली," आई म्हणाली. "आता हात टेकले हो, ताई."

"तुम्ही दोघं कधी जेवता?"

बाप शिंपी होता. तो आपल्या नखांकडे बघत म्हणाला, "ओट्यापाशी, उभ्यानेच. आळीपाळीने, दार लावून. वासानेसुद्धा तिला उमासे येतात."

"मग जेवण कशाला म्हणतात, हे तिने पाहिलंय कुठे?"

चमचाताईने दोन छोट्या खुर्च्या टेबलाशी ओढल्या.

"मंगळवारी डबे घेऊन या. तिचे नाही, तुमचे. आणि तिच्याकडे बघू नका. जेवा."

पहिल्या मंगळवारी ठमाबाई खिडकीपाशी, पाठ करून. आई डब्यातली भाजी नुसतीच चिवडत राहिली. चमचाताई मात्र लोणी लावलेला उकडलेला बटाटा डोळे मिटून अशी चवीने खात होती, की शिंप्यालाच भूक लागली.

"दोन वर्षांनी समोरासमोर बसलोय आपण," तो बायकोला म्हणाला. ती हसली, मग रडली, आणि रडता रडता जेवली.

मंगळवार येत गेले. ठमाबाई खिडकीपासून टेबलापर्यंत बोटभर बोटभर सरकत आली, झोपेत चालल्यासारखी. कधी बटाटा कुस्करला, बापाच्या सदऱ्याला पुसला. एकदा वास घेतला आणि ओकली. "असू दे," म्हणत चमचाताईने टेबल पुसलं, जणू चहाच सांडला होता.

अकराव्या मंगळवारी तिने पिकलेल्या नासपतीची पातळ फोड उचलली. उन्हापुढे धरून तिच्यातून पाहिलं. आणि आईच्या तोंडात घातली. मग बापाच्या. मग चमचाताईच्या. पुन्हा आईच्या. बशी रिकामी होत आली.

"पोट भरलं गं बाई," आई म्हणाली.

ठमाबाईने आपली ओली बोटं पाहिली आणि हळूच चाटली.

आईचा हात पुढे झेपावला. चमचाताईने तो टेबलाखाली घट्ट धरला. "काय सांगत होता तुम्ही, त्या कोटाचं?" तिने शिंप्याला विचारलं.

"कोट... हो. सहा बटणं," तो म्हणाला. "गिऱ्हाईक म्हणतं, सहा हवीत. मी म्हटलं, पाचात भागतं..."

बटणांची ती गोष्ट त्याने बरीच लांबवली. तोवर पोरीने दहाही बोटं चाटून साफ केली.

नळी निघायला पुढे नऊ महिने गेले. मधे दोनदा ताप आला आणि सगळं पुन्हा खिडकीपासून सुरू करावं लागलं. आता ठमाबाई सहा वर्षांची आहे. वाटाण्याला शिवत नाही. सगळ्यांची ताटं धुऊन झाली तरी तिचं जेवण चाललेलंच असतं. आई शेजारी बसून राहते. मायलेकींच्या तेव्हा कसल्या गप्पा रंगतात, ते शिंप्याला अजून कळलेलं नाही.