जिची पकड घट्ट, तिचं तेल

आता कुणी घरात घोरपड पाळली तर वनखात्याची माणसं दारात येतील. आमच्या लहानपणी, उरणकडच्या आमच्या गावात, असला कायदाबियदा कुणाला ठाऊक होता? नवीन शहर बसणार म्हणून खाडीकाठच्या आमच्या खाजणातल्या भातशेतांवर मुरमाचे डंपर रिकामे व्हायला लागले होते. बांध बुजले, बांधातली बिळं बुजली आणि बिचारी जनावरं गावात शिरली. आमच्या पडवीतल्या लाकडांच्या ढिगात दोन घोरपडी येऊन बसल्या. त्या मी आणि माझ्या चुलतबहिणीने वाटून घेतल्या. एक माझी, एक तिची.

पाळायच्या म्हणजे काय, तर कमरेला काथ्याची दोरी आणि दोरीचं दुसरं टोक शेवग्याला. खायला खाडीच्या चिखलातले निवटे मासे, कधी आईची नजर चुकवून एखादं अंडं. माझी इतकी अधाशी, की एका निवट्याची शेपटी तोंडाबाहेर वळवळतेय तोवर दुसऱ्याकडे डोळा. उन्हात पसरली की मी तिच्या मानेवर बोट फिरवायचे, मग ती हळूच डोळे मिटून घ्यायची. मला ती फार गोजिरी वाटायची. हसा खुशाल.

आम्हा दोघींचं भांडण एकाच गोष्टीवरून. कुणाची जास्त ताकदीची? घोरपडीचं बळ तिच्या पकडीत. अंगणातल्या विहिरीच्या दगडी कठड्यावर दोघींना ठेवायचं, त्यांनी नखं रोवली की दोऱ्या ओढायच्या. आधी सुटेल ती हरली. बहिणीची पटकन सुटायची, माझी काही केल्या सुटायची नाही.

"तुजी लेचीपेची हाय," मी म्हणायचे.

"आनि तुजी हावरट, तुज्यासारकी! दगड पन सोडत नाय."

माझी आत्या आमच्याकडेच राहायची. तरुणपणीच नवरा गेला, माहेरी आली, मिठागरात टोपल्या वाहून वाहून दोन्ही गुडघे निकामी झाले. आई शेतावर असायची, तेव्हा माझी वेणीफणी, माझं जेवणखाण सगळं आत्याकडे. त्या थंडीत तिला उंबराही ओलांडवेना. जमिनीवर बसून, हातांवर जोर देऊन ती खुरडत घरभर फिरायची. आम्हाला बघवत नसे.

एका सकाळी माझा चुलता, म्हणजे तिचा धाकटा भाऊ, कोयता घेऊनच अंगणात आला. "घोरपडीचं तेल लावलं ना, का गुडगं लोकंडाचं होतील. पन तेल बळाच्या घोरपडीचं पायजे. जिची पकड घट्ट, तिचं तेल." घोरपडीची पकड तेलातून माणसाच्या सांध्यात उतरते, असं आमच्याकडे मानायचे. "ओढा गो पोरींनो. बगू कोनाची बळाची ती."

आम्ही दोघी एकमेकींकडे बघायला लागलो. त्या दिवशी पहिल्यांदा दोघींनाही हरायचं होतं.

बहिणीने दोरीला हिसका दिला न दिला, तोच तिची सुटली. "हरली! माजी हरली!" ती नाचलीच. मग माझं तोंड बघून थांबली.

मी ओढतेय, जीव खाऊन ओढतेय. "सोड ना गो बाय, सोड!" पण मी जितकी ओढीन तितकी ती दगडाला चपटी होऊन चिकटतेय. चुलता म्हणाला, "हीच." मारू नको म्हणावं, तर दारात आत्या बसलेली, तिचे ते गुडघे माझ्यासमोर. मार म्हणावं, तर जीभ उचलेना. मी नुसती रडत दोरी ओढत राहिले.

आत्या कसाबसा उंबरा ओलांडून खुरडत खुरडत विहिरीपाशी आली. "दोरी टाक आदी," मला म्हणाली. मी टाकली. तिने आपला मिठाने फाटलेला तळवा घोरपडीच्या पाठीवर ठेवला आणि नुसती बसून राहिली. घोरपडीच्या बरगड्या भात्यासारख्या हलत होत्या. बराच वेळ गेला. मग एकेक नख दगडावरून निघालं आणि ती मुकाट आत्याच्या मांडीवर आली.

"ही रं कसली बळाची?" आत्या भावाला म्हणाली. "भ्यालेली हाय. भ्यालेल्याचं तेल लावून मी काय चालनार? आनकी भीन."

"मंग दुसरीचं काडू."

"दुसरी तर हरली. ती तुज्या नियमात बसत नाय."

"मंग बस गुडगं धरून!"

"बसते की. तुज्या डोक्यावर बसते."

चुलत्याने कोयता कुडाच्या भिंतीत खोचला. दुपारी त्यानेच दोन्ही घोरपडींना टोपलीत घालून द्रोणागिरीच्या डोंगरावर सोडलं. आम्ही बहिणी बरोबर गेलो होतो. माझीने एकदाही मागे वळून पाहिलं नाही, सरळ कातळ चढून गेली. मला वाईट वाटलं आणि बरंही वाटलं.

आत्याचे गुडघे काही सुधारले नाहीत, ते खोटं कशाला सांगू? त्या थंडीत चुलता तिला रोज सकाळी पाठुंगळीला घेऊन उन्हात आणून बसवायचा, आणि रोज कुरकुरायचा, "तेल लावलं असतंस तर आपल्या पायानं आली असतीस."

"मंग तू मना उचललं असतंस काय रं?" आत्या त्याच्या पाठीवरूनच विचारायची.

तो तिला नीट वर सरकवून घ्यायचा आणि चालायला लागायचा.