सत्तरच्या काट्यावरची थरथर

मामाची गाडी मी धुतली, तिथून हे सगळं सुरू झालं. धुतली म्हणजे पुढची दोन चाकं. त्यांच्या रिमच्या कडेला काळपट, बोटाच्या पेराएवढे तुकडे घट्ट बसले होते. मला वाटलं, रस्त्याचं डांबर वाळलंय. स्क्रूड्रायव्हर घालून एकेक उचकटला, कचऱ्यात टाकला आणि चाकं अशी घासली की मामीने खिडकीतून कौतुक केलं. मागच्या चाकांपर्यंत पोचेपर्यंत भूक लागली, म्हणून ती तशीच राहिली. माझ्या आळसाने आजवर कुणाचं भलं केलं असेल, तर ते त्या मागच्या चाकांचं.

मामा चष्मेवाला. त्याला दुकान नाही, गाडी हेच दुकान. डिकीत काचा, फ्रेमा, घासायचं छोटं यंत्र. पुढच्या सीटवर हत्यारांची पेटी, तिला सीटबेल्ट लावलेला. मामी निमूट मागे बसते. ठरलेल्या वारी ठरलेल्या गावाला जायचं, म्हाताऱ्यांच्या नाकावर चष्मा बसवायचा, दांडी कानामागे टोचत नाही ना ते दोनदा विचारायचं. तिळाएवढा स्क्रू चिमट्यात धरला की मामा श्वास रोखतो आणि समोरचं गिऱ्हाईकही रोखतं. असं करत गाडी पावणेतीन लाख किलोमीटर चालली. तिचं दार आधी वर उचलावं लागतं, मग ओढावं लागतं. मामा म्हणतो, नीट विचारलं की उघडतं.

त्या धुण्यानंतर मामा बदलला. बिनफ्रेमचे चष्मे, ज्यांच्या काचेलाच भोक पाडायचं असतं, ते तो घेईना. चहा अर्धाच कप मागू लागला. जेवताना डावा हात मांडीखाली. त्याचे विनोदही बंद पडले, आणि त्यातले बरेचसे माझ्यावर असल्यामुळे आधी मला बरंच वाटलं. मग मामीने मला स्वयंपाकघरात गाठलं. मामा गाडी विकायची म्हणत होता, पेटीसकट. त्याचे हात कापतात म्हणे. त्याच्या वडिलांचेही याच वयात कापायला लागले होते. डॉक्टरचं नाव काढलं की उठून जातो. सांगताना मामी नाकावरचा चष्मा सावरत होती. त्याची दांडी तिने दोऱ्याने बांधली होती.

"स्क्रू पडलाय," ती म्हणाली. "त्यांना सांगू नकोस. नाही जमलं तर त्यांना फार लागेल."

दुसऱ्या दिवशी मी पेटी मांडीवर घेऊन मामाशेजारी बसलो. मोकळा रस्ता लागला, काटा सत्तरला टेकला आणि मामाचे हात थरथरू लागले.

"बघ, सुरू झालं," तो हळूच म्हणाला. "उतरल्यावरही बराच वेळ बोटांत राहतं."

मी स्टिअरिंगवर हात ठेवला. तोही थरथरायला लागला.

"मामा, माझंही वय झालं म्हणायचं."

तो हसला नाही. माझ्या हातातून तुझ्यात येतंय, म्हणाला. एकदा भीती बसली की माणूस असलं शास्त्रही काढतो.

विकायचीच असेल तर आधी मिस्त्रीला दाखवू, चार पैसे जास्त येतील, अशी थाप मारून मी त्याला गॅरेजवर नेलं. मिस्त्रीच्या नाकावर मामानेच बसवलेला चष्मा. त्याने गाडीला हात न लावता आधी मामालाच विचारायला घेतलं. उभ्या गाडीत थरथरतं का? नाही. ब्रेक दाबल्यावर? थोडंसं, पण ते जुनंच. मग कधी? मामाने इकडेतिकडे बघत सांगितलं, साठपर्यंत काही नाही, सत्तरला येतं, नव्वदच्या पुढे पुन्हा कमी.

मिस्त्रीने चष्मा कपाळावर सरकवला. "चष्मेवाले, तुमचे हात काटा बघून कापतात का?"

मामाने दोन्ही हात खिशात घातले. मिस्त्रीने गाडी जॅकवर उचलली, चाक दोन्ही हातांनी धरून हलवून बघितलं. ढिलं काही नव्हतं. मग रिमच्या कडेवरून बोट फिरवलं आणि थांबला. तिथे पत्र्यावर चकचकीत चट्टे होते. इथली वजनं कुणी काढली, त्याने विचारलं. चाकाची एक बाजू नेहमी जराशी जड असते, समोर शिशाचा तुकडा ठोकून तिचा तोल साधतात. तो गेला की ठरावीक वेगाला चाक नाचतं आणि तो नाच स्टिअरिंगपर्यंत चढतो.

मी जमिनीवरच्या एका नटाकडे फार बारकाईने बघत होतो.

"डांबर वाटलं," मी म्हणालो.

मिस्त्रीने यंत्रावर चाकं फिरवली, नवी वजनं ठोकली. परतताना मामाने गाडी सत्तरला नेली आणि तिथेच धरून ठेवली. मागचा ट्रक हॉर्न वाजवत होता, पण मामाचं लक्ष हातांवरून हलेना. हात स्टिअरिंगवर शांत पडले होते. घराच्या वळणावर ब्रेक दाबला तेव्हा थोडं थरथरलं.

"हे तिचं वय," तो म्हणाला. "हे असू दे."

घरात शिरताच त्याने मामीच्या नाकावरून चष्मा काढून घेतला. चष्मेवाल्याची बायको दोऱ्यावर दिवस काढते, गिऱ्हाइकांनी बघितलं तर काय म्हणतील, असं बराच वेळ बडबडत पेटी उघडली. चिमट्यात स्क्रू धरला. त्याने श्वास रोखला, मीही रोखला. मामी मात्र चष्म्याशिवाय अंधुक दिसत असूनही त्याच्या बोटांकडे न बघता सरळ तोंडाकडे बघत होती. स्क्रू पहिल्या फेरीतच बसला. मग त्याने पूर्ण कप चहा मागितला.

मला तो रागावला नाही. एवढंच म्हणाला, "भाचेबुवा, मागची दोन चाकं राहिलीत."

उद्या धुतो, म्हणालो. अजून ती चिखलानेच माखलेली आहेत. गाडी फाटकातून निघाली की मामा खिडकीतून हात बाहेर काढतो आणि माझ्याकडे बघत बोटाने मागच्या चाकाकडे दाखवतो.