सांध्यात न शिरलेलं पातं

गावाबाहेरच्या हेमाडपंती देवळाचं मी रेखाटन करत होते. दुरुस्तीच्या कामावरचे म्हातारे पाथरवट मागे येऊन उभे राहिले.

“ताई, चित्रात दगडांमधे या जाड रेघा कसल्या?”

“चुन्याच्या.”

“चुना आहेच कुठं इथं?” त्यांनी गवताचं पातं माझ्या हातात दिलं. मी ते भिंतीच्या सांध्यात सारू लागले. पातं दुमडलं, पण आत गेलं नाही. कित्येक शतकं दगड नुसता दगडावर बसला होता.

“एक निखळलेला दगड बदलायचाय. चार दिवस नवा घडवतोय, पण असा बसत नाही,” ते म्हणाले. त्यांच्या आवाजात खंत नव्हती, आदर होता.

मी वही मिटली आणि भिंतीवर तळहात टेकला. आपण ज्याला वारसा म्हणतो, ते कुणाचं तरी रोजचं काम होतं.