डाव्या हाताचा दोरा

दुपारचे दोन वाजतात आणि नागमणीची मान पहिल्यांदा पडते. मांडीवरच्या सुपाला हनुवटी टेकेल एवढी पडते, मग ती दचकून सरळ बसते आणि काही झालंच नाही अशा चेहऱ्यानं पुढची विडी वळायला घेते. बघायला घरात कोणी नाही, तरी लाज वाटायची ती वाटतेच. बोटं मात्र थांबलेली नसतात. ओल्या फडक्यातलं पान उचलायचं, चिमूटभर तंबाखू पसरायची, वळायचं, दोऱ्याचे वेढे द्यायचे, नखानं तोंड मिटवायचं. चाळीस वर्षं विड्या वळल्यावर बोटांना बाईची गरज उरत नाही.

सोलापुरातलं पत्र्याचं घर आणि एप्रिलचं ऊन. रविवार असल्यामुळे पलीकडच्या गल्लीतले यंत्रमागही बंद आहेत, आणि एरवी त्यांच्या खडखडाटाला शिव्या घालणाऱ्या नागमणीला आज ती शांतता सोसत नाही. ती थकलीय. अंग थकलंय ते रात्री पडलं की थोडं तरी उतरतं, पण आत काहीतरी थकलंय ते आठ महिने झाले, तसंच आहे.

समोरच्या कोनाड्यात रुमालाखाली नवा रेडिओ बसलाय. तिच्या मुलीनं, श्रीलतानं, संक्रांतीला हैदराबादेहून आणून दिलेला. डिजिटल. काटा नाही, फिरवायचं चाक नाही, नुसती काच आणि बटणं. "अम्मा, हे बटण दाबून धर, सगळी स्टेशनं तो आपोआप शोधतो," असं आणि आणखी पुष्कळ काही सांगून पोरगी गाडीला उशीर होतोय म्हणून निघून गेली. नागमणीनं नंतर एकदा बटण दाबून धरलं. काचेवरचे आकडे पळत सुटले, टोकाला जाऊन परत फिरले आणि जिथून निघाले तिथंच येऊन उभे राहिले. एक स्टेशन सापडलं नाही. खरं सांगायचं तर तिला बरंच वाटलं. तिनं त्याच्यावर रुमाल टाकला. श्रीलता दर रविवारी फोनवर विचारते, रेडिओ लागतो का गं, आणि नागमणी सांगते, लागतो की, झकास लागतो. पण थाप एकदा मारून भागत नाही. मागच्या रविवारी तिला कोणती गाणी लागली तेही सांगावं लागलं.

रेडिओ नको वाटायला कारण आहे, आणि ते सत्यम्मापाशी जातं.

सत्यम्मा तिची मोठी जाऊ. अक्का. दोघींचे नवरे मागावर राबून आपापल्या वेळेला गेले आणि मागं दोन जावांचाच संसार उरला. श्रीलता नागमणीच्या पोटची, पण वाढली अक्काच्या मांडीवर. घरात तेलुगू, दारात मराठी, आणि रेडिओ जे बोलेल ते. तीस वर्षं दोघी समोरासमोर सुपं घेऊन बसल्या आणि मधे जुना रेडिओ. त्याची अँटेना सांध्यात सैल होऊन मान टाकायची, म्हणून अक्कानं ती विडीच्या दोऱ्यानं बांधून टाकली होती. दोघींचा एकच कडक नियम होता, गाणं चालू असताना बोलायचं नाही. काही हवंच असेल तर अक्का पान कापायच्या पत्र्याच्या साच्यावर कात्री वाजवायची. एकदा वाजवली की पाणी, दोनदा वाजवली की चहा. दर महिन्याला फर्माइशीच्या कार्यक्रमाला दोघींच्या नावानं एक पोस्टकार्ड जायचं. नावं कधी लागली नाहीत. अक्का म्हणायची, आपली कार्डं तिथं चहाच्या कपाखाली जात असतील.

लागली ती श्रावणातल्या एका दुपारी. अक्का मोरीत पाय धुवायला गेली होती, नळ सुरू होता. रेडिओतली बाई "सोलापूर, साखर पेठेतून" एवढं म्हणाली आणि नागमणीनं झडप घालून आवाज शेवटपर्यंत वाढवला. पुढची दोन्ही नावं घरभर झाली. लगेच गाणं सुरू झालं म्हणून ती जागची हलली नाही. अक्का येईल आता पाय पुसत, असं म्हणत सगळं गाणं हसऱ्या तोंडानं ऐकत बसली. चार मिनिटांचं तरी असेल. मग उठून बघते तर अक्का मोरीच्या कट्ट्याला टेकून पडलेली आणि नळ वाहतोय.

झटका मोठा होता, डॉक्टर म्हणाले. त्या चार मिनिटांतली किती मिनिटं अक्का जिवंत होती, ते नागमणीनं विचारलं नाही. विचारायचा धीर झाला नाही. अक्कानं हाक मारली असेल का? मारली असेल तर आपणच वाढवलेल्या आवाजात ती बुडाली. तेरावा झाल्यावर तिनं जुना रेडिओ भंगारवाल्याला देऊन टाकला, पण ती हाक काही कोणाला देता आली नाही.

मान दुसऱ्यांदा पडते. या वेळेला ती सावरत नाही.

"पानं वाळायलीत की गं," समोरून कोणीतरी म्हणतं.

अक्का आपल्या जागेवर बसलीय. मांडीवर सूप, आणि धुतलेले ओले पाय पुढं पसरलेले. डाव्या हातानं भराभर दोरा गुंडाळतेय. ती डावखुरी, तिचे वेढे नेहमी उलटे पडायचे, आणि कारखान्यातला तपासनीस ढिगातून तिची विडी ओळखायचा.

"झोपायलीस होय?"

"नाही अक्का. डोळा लागला जरा."

"चेहरा बघ कसा झालाय. जेवलीस का?"

"सकाळचं आहे की झाकून."

"म्हणजे नाही जेवलीस." अक्का विडी सुपात टाकते. तिच्या सुपात पानं नाहीत, तंबाखू नाही, नवा रेडिओ आहे. त्याच्यावरचा रुमाल तिनं नीट चौकोनी घडी करून बाजूला ठेवलाय. "आणि ह्याला काय झालंय?"

"लागत नाही तो."

"लागत नाही का लावत नाहीस?"

मेलेल्या माणसापुढं थाप मारायची सोय नसते, एवढं नागमणीला झोपेतही कळतं.

अक्का रेडिओ उलटा करते, पाठीवरून बोटं फिरवते. "मान कुठाय ह्याची? ही बघ, खाचेत घालून ठेवलीय. अशी मान मुडपून ठेवल्यावर कोण बोलंल गं? तू तरी बोलशील का?" ती नखानं अँटेना उचलते आणि ओढते. एक नळी निघते, तिच्यातून दुसरी, तिच्यातून तिसरी. "धर टोक," ती म्हणते. नागमणी टोक धरते, आणि तसंच धरून ती विडी कारखान्याच्या खिडकीपुढं रांगेत उभी आहे.

ऊन तेच, कपाळावरचा घामही तोच. रांगेत सगळ्या ओळखीच्या बायका आहेत, पण कोणाच्या हातात विड्या नाहीत. सगळ्यांच्या हातात पोस्टकार्डं आहेत, ओल्या फडक्यात गुंडाळलेली, पानांसारखी. खिडकीत तपासनिसाच्या जागी एक बाई बसलीय. चेहरा कधी पाहिलेला नाही, पण तिनं तोंड उघडल्याबरोबर नागमणी ओळखते. रेडिओतली बाई.

"हे छाट," बाई म्हणते, तपासनीस नापास विडीला म्हणायचा तसंच, आणि कार्ड मागं टाकते. "हे पण छाट."

हातातल्या रेडिओच्या काचेवर आकडे पळतायत आणि प्रत्येक आकड्यासरशी रांग एक पाऊल पुढं सरकते. नागमणीला सरकायचं नाही, तरी ती सरकते. तिच्या लक्षात येतं, खिडकीपाशी पोचलं की आपलं नाव घेतलं जाणार, नाव घेतलं की गाणं लागणार, आणि गाणं लागलं की बोलता येणार नाही. अक्काशी बोलायला तेवढाच वेळ आहे.

"अक्का, मला विचारायचंय," ती शेजारी उभ्या असलेल्या अक्काला म्हणते.

"मग विचार की. रांगेत काय, घरात काय."

"इथं नको."

दोघी मोरीत बसल्यात. नळ सुरू आहे आणि पाण्याला आवाज नाही. अक्काचे पाय पाण्यात आहेत, नागमणीचेही, आणि रेडिओ कट्ट्यावर साबणाच्या वडीशेजारी उभा आहे. आकडे अजून पळतायत.

"लवकर बोल," अक्का म्हणते. "गाणं लागंल."

"त्या दिवशी..." नागमणी वाहत्या नळाकडं बघते. "त्या दिवशी तू मला हाक मारलीस का?"

अक्का टाचेवर टाच घासते. पाय धुताना तिला कधी घाई नसायची. "मारली की," ती म्हणते.

आठ महिने ज्या शब्दाला नागमणी भीत आली, तो इतक्या सहज, पाय धुताधुता यावा, याचंच तिला वाईट वाटतं.

"मला ऐकायला आली नाही. मी आवाज वाढवला होता अक्का, मीच. शेवटपर्यंत."

"वाढवलास म्हणून तर."

"म्हणून काय?"

"अगं, डावा कान माझा ठार बहिरा. त्यात नळ सुरू. तू बारीक ठेवला असतास तर मला काय ऐकायला आलं असतं, पाण्याची धार? सत्यम्मा म्हणाली ती बाई. चांगलं ठासून म्हणाली. आणि माझं नाव आधी घेतलं, तुझं मागनं." हे सांगताना अक्काचा चेहरा उजळतो. पैठणी मिळाली असती तरी एवढा उजळला नसता. "तेच ओरडून सांगितलं तुला. ऐकलं गं नागू, ऐकलं! एवढीच हाक."

नागमणीला विश्वास ठेवावासा वाटतो आणि धीर होत नाही.

"पाणी मागितलं असशील. कात्री बाहेर राहिली होती सुपात, मला वाजवलेली तरी कळली असती..."

"नळाखाली बसलेल्या बाईला पाणी कशाला लागतंय? येडीच आहेस."

नागमणीला हसू येतं आणि त्याच तोंडानं रडूही येतं. ती पदर तोंडात धरून रडते, आठ महिन्यांत रडली नाही एवढं रडते. अक्का तिला गप्प करायला जात नाही. ती कधीच जात नसे.

"मग पुढं?" बऱ्याच वेळानं नागमणी विचारते. "हाक मारल्यावर?"

"मग गाणं लागलं की. गाण्यात कोण बोलतंय?"

अक्का कट्ट्यावरचा रेडिओ मांडीवर घेते. अँटेना सरळ करते, ती हळूच एका बाजूला कलते. "नव्याची पण मान सैल, बघ. आजकाल काहीच धड करत नाहीत." ती कमरेला खोचलेला विडीचा दोरा काढून सांध्याभोवती वेढे घालायला लागते, डावीकडून, घट्ट. "डोक्यावर पत्रा आहे, आत ठेवून नाही चालणार. खिडकीत ठेव ह्याला. आधी मान काढायची, मग शोधायचं बटण. आणि आपलं स्टेशन घावलं की एक नंबरचं बटण दाबून धर, म्हणजे तिथंच राहतंय."

"तुला कसं माहीत हे?"

"श्रीलता सांगत होती की संक्रांतीला. तू कुठं ऐकत होतीस? मी ऐकत होते."

"अक्का, अजून एक..."

अक्का ओठावर बोट ठेवते. काचेवरचे आकडे थांबलेत.

नागमणी डोळे उघडते. उन्हाचा पट्टा जमिनीवरून वर भिंतीवर चढलाय. मान आखडलीय, पायाला मुंग्या आल्यात, फडक्यातली वरची पानं वाळून कडक झालीत. तेवढी आता वाया. गाल ओले आहेत, ते ती पदरानं पुसते, आणि मग तिचं लक्ष मांडीवर जातं.

सुपात रेडिओ आहे. रुमाल बाजूला, चौकोनी घडी केलेला. झोपेत आपणच उठून आणला असेल, ती स्वतःला समजावते. थकलेलं माणूस काय वाट्टेल ते करतं, शेजारची एक बाई तर झोपेत भांडी घासून ठेवायची. अँटेना पूर्ण बाहेर काढलेली आहे. तेही झोपेत केलं असेल. पण सांध्याभोवती विडीच्या दोऱ्याचे वेढे आहेत, एकाला एक चिकटून, गाठ न मारता टोक आत खुपसलेलं. नागमणी स्वतःची एक विडी उचलून शेजारी धरते आणि डोळ्यांजवळ नेऊन बघते. विडीचे वेढे उजवीकडं जातात. अँटेनावरचे डावीकडं.

ती दोऱ्याला हात लावत नाही. गुडघ्यावर हात देत उठते, पाय झाडते, रेडिओ खिडकीच्या गजापाशी नेऊन ठेवते आणि बटण दाबून धरते. आकडे पळतात. या वेळेला मधेच अडखळतात, थांबतात, खरखर होते, खरखरीतून कोणा बाईचा आवाज येतो, कुठल्या कुठल्या गावांची आणि माणसांची नावं घेणारा. नागमणी एक नंबरचं बटण बोटानं चाचपते आणि आकडा ठरेपर्यंत धरून ठेवते. आवाज अगदी बारीक आहे, खोलीच्या मधोमध येईतो विरतोय. ती मोरीच्या दाराकडं बघते. मग आवाज वाढवते, पार आतल्या कट्ट्यापर्यंत जाईल एवढा.

कोनाड्यात फोन वाजायला लागतो. रविवार, म्हणजे श्रीलता. नागमणी सूप मांडीवर ओढते, फडक्याच्या तळातलं ओलं पान काढते, आणि फोनकडे बघतसुद्धा नाही. गाणं लागलंय.